लष्करी दप्तर आणि सेवेचा दाखला : कोकणातील निवृत्त महार सैनिकांचे अर्ज

अठराव्या शतकात वसईच्या किल्ल्याला दोनदा मोठा वेढा पडला. पहिल्या वेढ्यात मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पाने पोर्तुगीजांकडून किल्ला घेतला. दुसऱ्यात डिसेंबर १७८० मध्ये जनरल गॉडर्डच्या सैन्याने तो मराठ्यांकडून घेतला. या दोन्ही प्रसंगांच्या इतिहासात चिमाजी अप्पा, मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे, मानाजी आंग्रे आणि गॉडर्ड ही नावे पुनःपुन्हा येतात. तटाला शिड्या लावणारे, सुरुंग खणणारे आणि खंदकात पडणारे जे हजारो होते, ते मात्र 'लोक' किंवा 'फौज' या समूहवाचक शब्दांतच सामावले आहेत. इतिहासकाराला हे स्वाभाविक वाटते. परंतु लढणाऱ्याच्या दृष्टीने आपले नाव दप्तरात असणे ही कीर्तीची नव्हे, तर पोटाची बाब होती. मराठी राज्यात हजिरी घेतली जाई आणि शिपायाची चेहरेपट्टी लिहून ठेवली जाई. रणांगणी पडलेल्याच्या अज्ञान मुलांना 'बालपरवेशी' म्हणून नेमणूक मिळे. कोण कोठे लढला आणि कोठे पडला याचा कागद नसता, तर असली नेमणूक मागणे वारसांस कठीण झाले असते.

राजवट बदलली, तरी हा संबंध तुटला नाही. आजही वसई-विरार परिसरात राहणाऱ्या एखाद्या निवृत्त सैनिकास आपल्या सेवापुस्तकात अमुक युद्धक्षेत्रातील तैनातीची नोंद राहून गेल्याचे आढळले, तर त्याला आपल्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करावा लागतो. तेथे दाद न लागल्यास २००७ च्या कायद्यान्वये स्थापन झालेल्या सशस्त्र सेना न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठापुढे जाता येते. अशा प्रकरणातील प्रश्न सामान्यतः सरळ असतो : नोंद व्हावयास हवी होती, ती झाली नाही; ती करावी. तथापि कोकणच्या इतिहासात याहून गुंतागुंतीचे एक प्रकरण आहे. त्यात नोंद झालेली होती; सरकारच्याच दप्तरात ती होती; दगडावरही कोरलेली होती. तरीही ती ज्यांची होती त्यांना ती उपयोगी पडली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात निवृत्त महार सैनिकांनी सरकारकडे जे अर्ज केले, त्यांचा विचार या दृष्टीने होणे अगत्याचे आहे.

१

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करात महारांची भरती अठराव्या शतकापासून होत होती. बंगालच्या लष्करात उच्चवर्णीय शिपायांना प्राधान्य असे आणि त्यांचे सोवळेओवळे लष्करी व्यवस्थेतही सांभाळले जाई. मुंबई लष्कराची रीत निराळी होती. तेथे एकाच कंपनीत अनेक जातींचे शिपाई एकत्र चालत आणि पलटणीच्या शिस्तीपुढे जातीचा मान चालत नसे. त्यामुळे रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांतील महार तरुणांना गावकीच्या कामाबाहेरचा एक मार्ग खुला झाला. त्यांपैकी कित्येक जमादार आणि सुभेदार या पदांपर्यंत पोहोचले. पलटणीच्या शाळांमुळे त्यांच्यात आणि त्यांच्या मुलाबाळांत साक्षरता आली. दापोलीसारख्या जुन्या छावणीच्या गावी पेन्शनरांची वस्ती झाली.

ज्या समाजाला गावच्या शाळेत प्रवेश नव्हता, त्यातील हा वर्ग सरकारी कागद वाचणारा आणि लिहिणारा होता. पुढील अर्जांची भूमी येथे तयार झाली. अर्ज हा प्रकार ज्याच्या हाती लेखणी आहे आणि ज्याला दप्तराची रीत ठाऊक आहे त्याचाच असतो.

या सैनिकांच्या सेवेची सर्वांत प्रसिद्ध नोंद भीमेच्या काठी कोरेगाव येथे आहे. १ जानेवारी १८१८ रोजी तेथे कॅप्टन स्टाँटनच्या हाताखालील मुंबई नेटिव्ह इन्फन्ट्रीच्या पहिल्या रेजिमेंटची दुसरी पलटण पेशव्यांच्या सैन्याशी दिवसभर लढली. कंपनी सरकारने १८२१ मध्ये तेथे स्तंभाचा पाया घातला आणि त्यावर मृतांची नावे कोरविली. त्या नामावलीतील ४९ नावांपैकी २२ नावे 'नाक' या पदाने संपतात.

भाषेच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे. 'नाक' हे महारांच्या नावास जोडले जाणारे आदरार्थी पद होय. त्याचा संबंध कोणी 'नायक' शब्दाशी लावतात, तर कोणी 'नाग' शब्दाशी. व्युत्पत्ती कोणतीही असो, शिलालेखाच्या वाचनात त्याचे कार्य निश्चित आहे. दगडावर जातीचा उल्लेख नाही. शिपायाचे आणि त्याच्या बापाचे नाव तेवढे आहे. परंतु गननाक, रामनाक, हरनाक यांसारख्या रूपांमुळे ही माणसे कोण होती हे मराठी जाणणाऱ्याला न सांगता कळते. रोमन लिपीत उतरविताना कारकुनाने या नावांचे उच्चार वेडेवाकडे केले. तरी ते अन्त्य पद टिकले आणि त्याबरोबर पुरावाही टिकला.

इंग्रजी लष्करी लेखनात याच सैनिकांचा उल्लेख पुष्कळदा 'परवारी' या सौम्य पर्यायाने येतो. म्हणजे एकच माणूस स्तंभावर 'नाक', पलटणीच्या टिपणात 'परवारी' आणि गावच्या दप्तरात 'महार' असू शके. तीन दप्तरे आणि तीन नावे. पुढे जेव्हा पूर्वसेवेचा दाखला देण्याची वेळ आली, तेव्हा ही तिन्ही नावे एकाच समाजाची आहेत हे दाखवून देण्याचे ओझे अर्जदारांवरच पडणार होते.

२

१८५७ च्या उठावानंतर हिंदी लष्कराच्या रचनेचा पुनर्विचार सुरू झाला. १८८५ ते १८९३ या काळात लॉर्ड रॉबर्ट्‌स सरसेनापती होता. त्याच्या कारकिर्दीत 'लढाऊ जाती'चा सिद्धान्त लष्करी धोरणाचा पाया बनला. शौर्य हा व्यक्तीचा किंवा शिक्षणाचा नव्हे, तर वंशाचा गुण मानला जाऊ लागला आणि तो वायव्येकडील काही समाजांत विशेष आहे असे ठरले. त्याचबरोबर मुंबई लष्करातील मिश्र कंपन्यांची रीत मागे पडली आणि जातवार कंपन्या व पलटणी बांधण्याचा क्रम आला. या नव्या रचनेत महारांसाठी स्वतंत्र स्थान योजलेले नव्हते. ज्यांच्याबरोबर ते पूर्वी एका रांगेत उभे राहत होते, ते आता त्यांना शेजारी घेणार नाहीत असे गृहीत धरले गेले. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. १८९५ मध्ये प्रांतिक लष्करेही संपुष्टात येऊन एकच हिंदी लष्कर झाले.

या सिद्धान्ताबरोबर दप्तराचा एक नवा प्रकार आला. भरती करणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी जातवार पुस्तिका तयार होऊ लागल्या. बेथम याने १९०८ मध्ये अशी एक पुस्तिका तयार केली. तिच्या नावात मराठे आणि दख्खनी मुसलमान हे दोनच समाज आहेत. महाराष्ट्रातून शिपाई कोठून घ्यावयाचे याचे उत्तर मुखपृष्ठावरच देऊन टाकलेले होते.

या टप्प्यावर लष्करी नोंदींचे तीन थर वेगळे करणे आवश्यक आहे. पहिला थर व्यक्तीचा : शिपायाचा सेवालेख, त्याचे निवृत्तिपत्र, त्याची पेन्शन. दुसरा पलटणीचा : तिची हजिरीबुके, तिची युद्धसन्मानचिन्हे, कोरेगावसारखे तिचे स्तंभ. तिसरा वर्गाचा : कोणती जात लढाऊ आणि कोणती नव्हे याची यादी. पहिल्या दोन थरांत महारांची सेवा नोंदलेली होती. पेन्शन चालू होती; कोरेगाव हे नाव युद्धसन्मान म्हणून ती पलटण मिरवीत होती. केवळ तिसऱ्या थरात ती सेवा नव्हती, आणि भरतीचा अधिकारी तिसरा थर पाहून निर्णय घेत होता. ज्यांच्या नावांनी स्तंभ भरला होता त्यांच्या नातवंडांना त्याच सन्मानचिन्हाखाली उभे राहण्याची मनाई झाली.

३

गोपाळ बाबा वलंगकर हे महाडजवळच्या रावढळचे. मुंबई लष्करात सेवा करून १८८६ मध्ये ते हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि दापोलीस राहिले. महात्मा फुले यांच्या विचारांचा त्यांच्यावर प्रभाव होता. १८८८ मध्ये त्यांनी 'विटाळ विध्वंसन' ही पुस्तिका प्रसिद्ध केली. 'अनार्य दोषपरिहारक मंडळी' ही संस्थाही त्यांचीच. या मंडळीच्या वतीने १८९४ मध्ये मुंबईच्या लष्करप्रमुखास उद्देशून भरती पुन्हा सुरू करण्याविषयीचा अर्ज तयार झाला. याच सुमारास सुभेदार रामजी सकपाळ यांनीही या बंदीविरुद्ध न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या साहाय्याने निवेदन सिद्ध केल्याचे डॉ. आंबेडकरांच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. रामजी हे स्वतः लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. सैन्याने दिलेले शिक्षण सैन्याच्याच निर्णयाविरुद्ध वापरण्याचा हा प्रसंग होता.

वलंगकरांच्या अर्जातील युक्तिवाद दोन पायांवर उभा आहे. एक, पूर्वसेवा : आमच्या लोकांनी सरकारची चाकरी निष्ठेने केली आहे. दुसरा, वंश : आम्ही मूळचे क्षत्रिय असून दुर्गादेवीच्या दुष्काळात अभक्ष्य भक्षण करावे लागल्यामुळे हीन अवस्थेस पोहोचलो. आधुनिक वाचकास दुसरा मुद्दा खटकतो. ज्यांनी 'विटाळ' या कल्पनेवरच प्रहार केला, त्यांनी क्षत्रियत्वाचा आधार का घ्यावा, असा प्रश्न साहजिकच येतो.

याचे उत्तर वर सांगितलेल्या तीन थरांत आहे. पूर्वसेवेचा मुद्दा पहिल्या दोन थरांतील पुराव्यावर आधारलेला होता, आणि तो पुरावा सरकारने कधी नाकारलाच नव्हता. 'तुम्ही लढला नाही' असे कोणी म्हणत नव्हते. 'तुम्ही लढणाऱ्यांपैकी नव्हे' असे म्हटले जात होते. पहिले विधान घटनेविषयी आहे. त्याचे खंडन कागदाने होऊ शकते. दुसरे विधान वर्गाविषयी आहे. कितीही कागद आणले तरी त्याचे खंडन होत नाही, कारण प्रत्येक शूर शिपाई अपवाद म्हणून बाजूला काढता येतो. म्हणून अर्जदारांना सरकारच्याच परिभाषेत उतरून वंशाचा दाखला द्यावा लागला. सेवेचा अस्सल दाखला हाती असताना वंशाचा परंपरागत दाखला शोधावा लागणे, यातच त्या काळाचा अन्याय स्पष्ट होतो. अर्जातील दुर्बल वाटणारा भाग अर्जदारांच्या विचारातून नव्हे, तर ज्याच्याकडे अर्ज करावयाचा त्याच्या शब्दकोशातून आला आहे.

४

या अर्जांनी धोरण बदलले नाही. परंतु अर्ज करणे थांबले नाही, हे अधिक महत्त्वाचे. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी सासवड येथे ५१ गावांच्या महारांची सभा भरविली आणि मुंबई सरकारकडे निवेदन धाडले. १९१० मध्ये त्यांनी भारतमंत्री अर्ल ऑफ क्रू याच्याकडे अर्ज पाठविला. त्यात मोठे राजकीय हक्क मागितले नव्हते. पोलिसात आणि लष्करात शिपायाची साधी जागा मागितली होती. वंशाकडून नागरिकत्वाकडे वळण्याची ही चिन्हे होत : सरकारची प्रजा म्हणून चाकरीचा दरवाजा उघडा असावा, एवढीच मागणी.

तो दरवाजा उघडला तो युक्तिवादाने नव्हे. पहिल्या महायुद्धात माणसांची टंचाई भासू लागली, तेव्हा १९१७ मध्ये '१११ वी महार' ही पलटण उभारण्यात आली. युद्ध संपताच १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. गरज असता जो समाज लढाऊ ठरला, तो गरज सरताच पुन्हा यादीबाहेर गेला. 'लढाऊ जात' हा वर्णनाचा नव्हे, तर सोयीचा शब्द होता याचा याहून स्पष्ट दाखला नको.

१ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर कोरेगावच्या स्तंभाजवळील सभेस उपस्थित राहिले. त्या सभेच्या आयोजनात कांबळे यांचा पुढाकार होता. शिलालेख हा तेव्हापासून केवळ मृतांचे स्मारक न राहता जिवंतांचा दाखला झाला. दुसऱ्या महायुद्धात, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगाव येथे महार रेजिमेंट स्थापन झाली. तिच्या पहिल्या टोपीचिन्हावर कोरेगावचा स्तंभ होता. १८९२ च्या सुमारास जी नोंद वर्गयादीतून गळाली होती, ती सुमारे पन्नास वर्षांनी शिपायाच्या कपाळावर परत आली.

५

या प्रकरणावरून लष्करी दप्तराच्या अभ्यासकास एक पथ्य सांगता येईल. एखाद्या समाजाची सेवा कागदात आहे की नाही, एवढाच शोध पुरेसा नाही. तो कागद कोणत्या यादीखाली ठेवला गेला, तो वाचण्याचा अधिकार कोणाला होता आणि वाचणाऱ्याच्या हाती आधीपासून कोणती वर्गवारी होती, हेही पाहिले पाहिजे. ज्याच्या तैनातीची ओळ राहून गेली आहे, त्याला एक ओळ लिहून न्याय देता येतो. ज्याची ओळ आहे, पण जो ओळीतला धरला जात नाही, त्याच्यासाठी संपूर्ण पान बदलावे लागते. वलंगकर, रामजी सकपाळ आणि कांबळे यांनी दुरुस्ती मागितली ती या दुसऱ्या प्रकारची होती.

वलंगकर १९०० मध्ये वारले. १९१७ ची पलटण त्यांनी पाहिली नाही. त्यांना पेन्शन मिळत होती. स्वतःच्या सेवेविषयी त्यांचे सरकारकडे काहीही मागणे नव्हते. ज्यांनी अद्याप बंदूक हाती घेतलेली नव्हती, अशा पुढच्या पिढीसाठी त्यांनी आपली पूर्ण झालेली सेवा पुरावा म्हणून पुढे केली. निवृत्त सैनिकाच्या अर्जांच्या इतिहासात या अर्जाचे स्थान म्हणूनच वेगळे आहे.