हाताळणे : एका क्रियापदाची आणि काही कागदांची गोष्ट

पाडाला लागलेला आंबा पोराने चार वेळा दाबून पाहिला, मोगऱ्याची कळी बोटांत फिरवली, मांजरीचे पिल्लू सारखे उचलले, की भोर-वेल्ह्याकडच्या घरात आतून आवाज येतो, "हाताळू नको रे!" यात स्पर्शाला मनाई नसते. जरुरीपेक्षा जास्त, जाण नसलेला हात लावल्याने वस्तू नासते, एवढेच सांगायचे असते.

मराठीत या क्रियापदाची भावंडे पुष्कळ आहेत. ताटातले अन्न न खाता बोटांनी उलटेपालटे करणे म्हणजे चिवडणे. मुठीत दाबून मोडणे म्हणजे कुस्करणे. कापडाची किंवा कागदाची घडी बिघडवणे म्हणजे चुरगळणे. लावून ठेवलेले अस्ताव्यस्त करणे म्हणजे विसकटणे. या सगळ्यांत नुकसान लगेच दिसते. हाताळण्याचे तसे नाही. आंबा आज शाबूत दिसतो, डाग दोन दिवसांनी पडतो.

वर्तमानपत्रांच्या आणि कचेऱ्यांच्या मराठीत मात्र या शब्दाने कूस बदलली. अधिकारी प्रकरण हाताळतो, मंत्री परिस्थिती हाताळतो. घरात जो दोष होता, तो कचेरीत गुण ठरला. तरी जुना अर्थ मेलेला नाही. म्हणून तर बातमीदाराला "कौशल्याने हाताळले" असे मुद्दाम लिहावे लागते.

आता हा शब्द घेऊन कागदांकडे जाऊ. कागदाला आपण दस्तऐवज म्हणतो, सहीला दस्तखत. दोन्हींतला 'दस्त' फारसी, अर्थ हात. संस्कृत 'हस्त' आणि फारसी 'दस्त' हे एकाच प्राचीन कुळातले शब्द. म्हणजे दस्तऐवज हाताळताना दोन सख्खी भावंडेच भेटतात! राज्याभिषेकाच्या सुमारास शिवाजी महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले गेले. तरीही दस्तऐवज आणि दस्तखत मराठीत टिकले, कारण तोवर ते लोकांच्या जिभेवर रुळले होते.

मावळातल्या वतनाच्या तंट्यांचे निवाडे ज्या कागदांत लिहिले गेले, त्यांना 'महजर' म्हणत. हजर, हुजूर, महजर हे सारे एकाच अरबी धातूचे. चार लोक हजर राहून ठरवतात तो महजर. त्यावर पाटलाच्या निशाणीचा नांगर असे, आणि काझीचा शिक्काही असे. मजकूर मराठी, साल अरबी आकड्यांच्या नावांनी. या कागदातला कुठला शब्द आपला आणि कुठला परका, हे ठरवायला बसलो तर कागदच फाटेल.

भोरजवळच्या कारी गावच्या जेधे देशमुखांचे उदाहरण घ्या. 16 जून 1659 च्या फर्मानात अली आदिलशहाने कान्होजी जेध्यांना अफजलखानाला सामील होण्याचा हुकूम केला. कान्होजी आपल्या मुलांसह शिवाजी महाराजांकडे गेले आणि वतनावर पाणी सोडायला तयार झाले. भोरजवळच्याच उत्रोळीचे खंडोजी खोपडे मात्र खानाला मिळाले. खानाचा वकील कृष्णाजी भास्कर. प्रतापगडाच्या भेटीच्या वेळी महाराजांच्या निवडक माणसांत सिद्दी इब्राहिम. सभासद बखरीत पायदळाचा सरनोबत म्हणून नूर बेगाचे नाव. या माणसांची धर्मावरून दोन ढिगांत वाटणी करायला गेले की ढीग जुळत नाहीत. तरी आपल्याकडे ती वाटणी रोज होते. जाण नसलेले हात म्हणतात ते हेच.

याच जेध्यांच्या घरातली शकावली लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि 1916 साली भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत छापली गेली. तिच्यातल्या फाल्गुन वद्य 3, शके 1551 या नोंदीने शिवजन्माच्या वादाला नवे वळण दिले. 2001 साली महाराष्ट्र शासनाने 19 फेब्रुवारी 1630 ही तारीख स्वीकारली. एका घराने कागद जपला, म्हणून हे घडले. उलट उदाहरणही पुण्याचेच आहे. 5 जानेवारी 2004 रोजी इतिहासाच्याच नावाने जमाव भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत शिरला. पोथ्या आणि पुस्तके जमिनीवर विखुरली गेली. त्या दिवशी हाताळणे, चुरगळणे, विसकटणे ही सारी क्रियापदे एकदमच कामाला लागली.

2024 साली राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव राजगड करण्याचा निर्णय घेतला. नाव बदलले, तरी घरोघरच्या पेट्यांतले कागद जुनेच राहतील. मुलाण्याच्या हक्काचा, मशिदीच्या किंवा दर्ग्याच्या इनामाचा एखादा मोडी वा फारसी कागद आपल्यापैकीही कुणाच्या घरी असेल. वेल्ह्याचा पाऊस त्याचा पहिला वैरी आणि आपली हौस दुसरा. त्याला चिकटपट्टी लावू नका, प्लॅस्टिकमध्ये वितळवून बंद करू नका, पुन्हा त्याच घडीवर घालू नका. कोरड्या, स्वच्छ हातांनी उघडा आणि वाचता येणाऱ्याला दाखवा. "मुसलमान इथे कधीपासून?" असे कुणी विचारले, तर उत्तर त्या कागदात आहे. तो हाताळून नासवला, तर आपल्या बाजूने बोलायला कुणी हजर राहणार नाही.