चंद्रावरचे कापडी घर

चंद्रावर घर बांधायचे तर भिंती कशाच्या असाव्यात? हा प्रश्न वर्गात विचारला, तर पोलाद, काँक्रीट अशी उत्तरे येतील. भिंतींनी छताचे वजन पेलायचे असते, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. चंद्रावर मात्र हे गणित उलटे होते. बाहेर निर्वात आणि आत श्वासासाठी हवा. आत पृथ्वीइतका दाब ठेवला, तर हवा दर चौरस मीटरला सुमारे १० टन भाराइतक्या जोराने भिंती व छत बाहेर ढकलते. किरणोत्सारापासून रक्षणासाठी छतावर ३ मीटर जाडीची चांद्रमाती टाकली, तरी एक-षष्ठांश गुरुत्वाकर्षणामुळे तिचा भार चौरस मीटरला एक टनही भरत नाही. म्हणजे भीती छत कोसळण्याची नाही, उडून जाण्याची! असा ताण चिवट कापड चांगला सोसते. शिवाय घडी घालून ते यानातून नेता येते.

ही कल्पना जुनी आहे. गुडइयर या टायर बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीने १९६१ मध्ये सुमारे ७ मीटर व्यासाच्या, चाकाच्या आकाराच्या फुगीर अंतराळस्थानकाचा नमुना तयार केला. १८ मार्च १९६५ रोजी सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव्ह फुगवलेल्या एअरलॉकमधूनच अंतराळात बाहेर पडले. एअरलॉकने दगा दिला नाही. पण त्यांचा पोशाखच इतका फुगला, की दाब कमी केल्यावरच त्यांना आत शिरता आले. कापड नुसते चिवट असून भागत नाही, फुगल्यावर त्याचा आकार काय होईल तेही आधी ठरवावे लागते.

१९९७ मध्ये नासाच्या जॉन्सन केंद्रात विल्यम श्नायडर यांच्या गटाने ‘ट्रान्सहॅब’ची आखणी सुरू केली. त्याची रचना सायकलच्या चाकासारखी होती. आत ट्यूबसारखे हवाबंद थर, त्यांवर टायरप्रमाणे ताण घेणारे केवलारच्या पट्ट्यांचे विणकाम आणि त्याबाहेर सूक्ष्म उल्का अडवणारे फोम व सिरॅमिक कापडाचे थर. अशी ही भिंत सुमारे ३० सेंटिमीटर जाड होती. १९९८ मध्ये ती चौपट दाबाच्या चाचणीत टिकली. तरीही २००० साली अमेरिकी संसदेने अंतराळस्थानकासाठी असा कक्ष बनवण्यावर खर्च करण्यास नासाला कायद्याने मनाई केली.

पुढे बिगेलो या खासगी कंपनीने हे तंत्र उचलले. तिचा ‘बीम’ हा १६ घनमीटरचा कक्ष २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय स्थानकाला जोडला गेला. २६ मे रोजी तो फुगेना. ठरल्यापेक्षा अनेक महिने जास्त घडीत राहिल्याने थर एकमेकांना घट्ट बसले होते. २८ मे रोजी हवा थोडी थोडी सोडत तो सात तासांत उलगडला. दोन वर्षांसाठी पाठवलेला हा कक्ष त्यानंतरही वापरात राहिला.

चंद्रावर असे घर अजून उभे राहिलेले नाही. वर्षानुवर्षे ताणाखाली कापड किती सैलावेल आणि काचेसारखी धारदार चांद्रधूळ त्याला किती कापील, हे प्रश्न तेथे सोडवावे लागतील. वर्गात सायकलची ट्यूब टायरशिवाय फुगवून पाहावी. ती एका जागी कशी फुगत जाते ते दिसले, की केवलारच्या पट्ट्या कशासाठी, हे मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.