मित्रांसमवेत हिमालयात : पदभ्रमण, उंची आणि परतीचा निर्णय

होसकोटे (बंगळुरू ग्रामीण) : बंगळुरूहून कोलारकडे जाणाऱ्या महामार्गावरील होसकोटे हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसले आहे. मराठी वाचकांना या गावाचे नाव ठाऊक असलेच, तर ते शहाजीराजांच्या जहागिरीमुळे. सतराव्या शतकात बंगळुरू, कोलार आणि शिरे यांच्याबरोबर होसकोटेही त्या जहागिरीत समाविष्ट होते. आज येथील औद्योगिक वसाहतींत आणि शेजारच्या व्हाइटफील्ड परिसरात देशाच्या सर्व भागांतून नोकरीनिमित्त आलेले तरुण राहतात, आणि त्यांत मराठी भाषकही आहेत. सलग सुट्या जुळून आल्या की चार-सहा मित्रांचा गट करून हिमालयात जाण्याची प्रथा या वर्गात चांगलीच रुजली आहे. देवनहळ्ळीचा विमानतळ जवळ आहे. पहाटे घर सोडले, तर दिल्लीमार्गे त्याच दिवशी लेहला पोहोचता येते. या प्रवासातील सर्वांत मोठी सोय हीच आहे, आणि सर्वांत मोठा धोकाही तिच्यातच दडलेला आहे.

हा धोका किती खरा आहे, याची जाणीव बंगळुरूला जून २०२४ मध्ये झाली. उत्तराखंडातील उत्तरकाशी परिसरातील सहस्रताल या सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवरील सरोवराकडे २२ जणांचे एक पथक गेले होते. त्यांत कर्नाटकातील १८, महाराष्ट्रातील एक आणि तीन स्थानिक वाटाडे होते. परतीच्या वाटेवर हे पथक हिमवादळात सापडले. ४ जून रोजी, देशभर लोकसभा निवडणुकीच्या मतमोजणीचे वृत्त प्रसारित होत असताना, संध्याकाळी या दुर्घटनेची माहिती उत्तरकाशीच्या प्रशासनापर्यंत पोहोचली. राज्य आपत्ती प्रतिसाद दल आणि हवाई दलाच्या हेलिकॉप्टरांच्या साहाय्याने पुढील दोन दिवस मदतकार्य चालले. १३ जणांना वाचविण्यात यश आले. नऊ जण मृत्युमुखी पडले. मृतांमध्ये तिशीपासून सत्तरीपर्यंतच्या स्त्री-पुरुषांचा समावेश होता, आणि त्यांतील अनेकांना डोंगर नवे नव्हते. कर्नाटक शासनाचे महसूल मंत्री कृष्ण भैरेगौडा समन्वयासाठी डेहराडूनला गेले होते.

वृत्तानुवाद करणाऱ्या व्यक्तीच्या दृष्टीने अशा प्रसंगी दोन साधे शब्द अवघड होऊन बसतात : ‘अडकलेले’ आणि ‘बेपत्ता’. पहिल्यात ठावठिकाणा माहीत असतो, दुसऱ्यात तो माहीत नसतो. पर्वतात मात्र पहिल्या अवस्थेतून दुसऱ्या अवस्थेत जाण्यास ढगांचा एक पट्टा पुरतो, आणि घरी वाट पाहणाऱ्यांना बातमीतील त्या एका शब्दावर रात्र काढावी लागते.

हिमालयातील दुर्घटनांचा विचार करताना प्रथम उंचीचा विचार करावा लागतो. सुमारे ३,५०० मीटर उंचीवर, म्हणजे साधारणपणे लेह शहराच्या पातळीवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के असतो; ५,५०० मीटरवर तो निम्म्यावर येतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच राहते, परंतु दाब कमी झाल्याने प्रत्येक श्वासागणिक शरीरास मिळणारा प्राणवायू घटतो. शरीर या बदलाशी जुळवून घेऊ शकते. त्यास अवधी मात्र द्यावा लागतो.

या विषयावरील महत्त्वाचे संशोधन भारतातच झाले आहे. १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धाच्या काळात सखल प्रदेशातील सैनिकांना अल्पावधीत उंच सीमेवर न्यावे लागले आणि त्यांतील कित्येक जण शत्रूशी गाठ पडण्यापूर्वीच आजारी पडले. लष्करातील डॉक्टर इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांच्या नोंदी अभ्यासून १९६९ मध्ये प्रसिद्ध केलेला शोधनिबंध आजही जगभर आधारभूत मानला जातो. होसकोट्याहून थेट लेहला उतरणारा पर्यटक आणि त्या काळचा जवान यांच्या शरीरांत फारसा फरक नाही. जवानाला जावे लागले, पर्यटक स्वेच्छेने जातो, इतकेच.

उंचीच्या आजाराची सुरुवात डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे, चक्कर आणि झोपमोड यांनी होते. एवढ्यावर थांबून विश्रांती घेतल्यास बहुतेकांना एक-दोन दिवसांत बरे वाटते. दुर्लक्ष करून वर चढत राहिल्यास मात्र दोन गंभीर अवस्था संभवतात. पहिलीत फुप्फुसांत पाणी साचते; बसल्या जागी धाप लागते, खोकला थांबत नाही, कधी कधी गुलाबी फेस येतो. दुसरीत मेंदूला सूज येते. रुग्णाचा तोल जातो, बोलणे असंबद्ध होते. सरळ रेषेत पावलापुढे पाऊल टाकून चालावयास सांगणे ही तिची साधी चाचणी आहे. दोन्ही अवस्थांवर खरा उपाय एकच, तो म्हणजे विलंब न लावता खाली उतरणे, मग रात्र असो वा पाऊस. प्राणवायू आणि औषधे यांमुळे उतरण्यास वेळ मिळतो, उतरणे टळत नाही. अॅसेटाझोलामाइड हे प्रतिबंधक औषध अनेक जण मित्राच्या सांगण्यावरून घेतात. ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे, विशेषतः सल्फा औषधांची अॅलर्जी असणाऱ्यांनी.

तज्ज्ञांचा सर्वमान्य संकेत असा आहे की, ३,००० मीटरच्या वर गेल्यानंतर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे. दिवसा वर जाऊन रात्री खाली झोपावयास येणे हितावह असते.

मोटारसायकलवरून मनाली ते लेह प्रवास करणारे गट हा संकेत सर्वाधिक मोडतात. ३ ऑक्टोबर २०२० रोजी सुमारे नऊ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा वाहतुकीस खुला झाला आणि रोहतांग खिंडीचा वळसा टळून मनाली-लेह अंतर ४६ किलोमीटरने कमी झाले. परिणामी सुमारे २,००० मीटर उंचीवरील मनालीहून सकाळी निघालेला गट संध्याकाळी सुमारे ४,३०० मीटरवरील सरचूच्या तंबूंत पोहोचू शकतो. मध्ये बारालाचा ही जवळजवळ ४,९०० मीटर उंचीची खिंड ओलांडलेली असते. डोके दुखू लागते ते तंबूत शिरल्यावर, अंधार पडल्यावर. आणि सरचू अशा जागी आहे की, एका बाजूस बारालाचा व दुसऱ्या बाजूस त्याहूनही उंच खिंडी आहेत. खाली उतरावयाचे म्हटले तरी आधी वर चढावे लागते. केलाँग किंवा जिस्पा येथे एक-दोन रात्री मुक्काम केल्यास हा प्रसंग बहुधा येत नाही. परंतु त्यासाठी रजेचा एखादा दिवस जास्त लागतो, आणि परतीचे विमान तर दोन महिने आधीच आरक्षित केलेले असते.

मैत्रीचा मुद्दा येथे येतो. व्यावसायिक मोहिमेत एक नेता असतो आणि त्याचा शब्द अखेरचा मानला जातो. मित्रांच्या गटात सर्व जण समान असतात. ‘परत फिरू या’ हे म्हणावयाचे कोणी, हा प्रश्न अनुत्तरित राहतो. ज्याचे डोके दुखत असते तो आपल्यामुळे सर्वांची सहल वाया जाईल या संकोचाने गप्प बसतो. इतरांच्या ते लक्षात येते, पण त्याला वाईट वाटेल म्हणून तेही विचारीत नाहीत. शहरात ज्याला सौजन्य म्हणतात, त्याची डोंगरात अशी किंमत मोजावी लागते. म्हणून निघण्यापूर्वीच, घरी चहा घेता घेता, दोन गोष्टी ठरविणे श्रेयस्कर ठरते : नेता कोण, आणि आजारी पडलेल्याबरोबर खाली कोण उतरणार. आजाऱ्याला एकट्याने खाली पाठवू नये, तसेच तंबूत एकटे ठेवून इतरांनी शिखराकडे जाऊ नये. चालताना सर्वांत हळू चालणाऱ्यास रांगेच्या पुढील भागात ठेवण्याची रीत सह्याद्रीतील जुन्या गिर्यारोहण मंडळांत पाळली जाते. हिमालयातही ती तितकीच उपयोगी आहे.

महाराष्ट्रात या छंदाला संस्थात्मक शिस्त फार पूर्वीपासून लाभली आहे. मुंबईतील गिरिविहार ही संस्था १९५४ पासून कार्यरत आहे. सह्याद्रीतून हिमालयात गेलेले मुंबईचे हरीश कापडिया यांनी ‘हिमालयन जर्नल’चे संपादन दीर्घकाळ केले, लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना २००३ मध्ये पदक देऊन गौरविले. पुण्याचे सुरेंद्र चव्हाण यांनी १९९८ मध्ये तिबेटच्या बाजूने एव्हरेस्ट सर केले. २०१२ मध्ये उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखालील पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे आठ गिर्यारोहक एव्हरेस्टवर पोहोचले, तर मे २०१९ मध्ये याच संस्थेच्या दहा जणांनी ८,५८६ मीटर उंचीचे कांचनजंगा गाठले. शनिवार-रविवारी एकमेकांना गडकिल्ल्यांवर नेणाऱ्या मंडळींतूनच या मोहिमा उभ्या राहिल्या.

बंगळुरू परिसरात सरावासाठी नंदी टेकडी (१,४७८ मीटर), स्कंदगिरी, सावनदुर्ग आणि कोलारजवळील अंतरगंगे उपलब्ध आहेत. पहिल्या दोन्ही होसकोट्याहून पहाटे निघून दुपारपर्यंत करता येतात. पाठीवर आठ-दहा किलो ओझे घेऊन या टेकड्या आठवड्यातून एकदा तीन महिने चढल्यास पायांना आणि श्वासाला निश्चित लाभ होतो. परंतु या सरावाने उंचीची सवय होत नाही, हे स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखरही १,६४६ मीटरच आहे. उत्तम धावपटूलाही उंचीचा आजार होतो. किंबहुना तो वेगाने वर जाऊ शकत असल्याने अधिक सहज होऊ शकतो.

अनुभवी व प्रशिक्षित माणसेही निसर्गापुढे सुरक्षित नसतात. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षण पथक ४ ऑक्टोबर २०२२ रोजी द्रौपदी का डांडा या शिखराजवळ हिमप्रपातात सापडले. २७ जणांचे मृतदेह हाती आले. तेथे प्रशिक्षक, साधने आणि दोर सर्व काही होते.

नियमांविषयी थोडक्यात. उत्तराखंड उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये बुग्याळांवर, म्हणजे उंचावरील गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामास मनाई केली आणि तेथे जाणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. रूपकुंडसारख्या लोकप्रिय मार्गांवर त्याचा परिणाम झाला. लडाखमधील ६,१५३ मीटर उंचीचे स्तोक कांगरी हे शिखर २०२० पासून चढाईसाठी बंद करण्यात आले. निघण्यापूर्वी संबंधित वनविभागाकडे मार्गाची चौकशी करून परवाना घ्यावा आणि पथकाची नावे, मार्ग व परतीची तारीख तेथे व घरी अशा दोन्ही ठिकाणी लेखी ठेवावी.

संपर्काबाबतही काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. परवानगीविना सॅटेलाइट फोन बाळगणे भारतात बेकायदा आहे. परदेशातील मित्राने भेट दिलेले उपकरण सामानात टाकण्यापूर्वी हे तपासावे. लडाखमध्ये इतर राज्यांतील प्रीपेड सिमकार्ड चालत नाही. गटात किमान एकाकडे पोस्टपेड जोडणी असावी. तातडीच्या मदतीसाठी ११२ हा क्रमांक आहे, परंतु बहुतेक उंच मार्गांवर मोबाइलचे जाळे नसल्याने कोणा एकास खाली गावापर्यंत चालत जाऊन निरोप द्यावा लागतो. आरोग्यविम्याच्या अनेक पॉलिसींमधून साहसी क्रीडाप्रकार वगळलेले असतात. ते कलम शोधून वाचावे, आणि हेलिकॉप्टरने हलविण्याचा खर्च त्यात समाविष्ट आहे किंवा नाही, याची विमा कंपनीकडून लेखी खातरजमा करून घ्यावी.