एका दाराचीं चार दारें

शिरूर तालुक्यांत कोरेगांव भीमाच्या शेजारीं वढू बुद्रुक हें गांव आहे. छत्रपति संभाजी महाराजांच्या समाधीमुळें त्याचें नांव सर्व महाराष्ट्राला ठाऊक आहे. परंतु अशा गांवींही आतां उत्पन्नाचा दाखला हवा असो कीं पीकविम्याचा अर्ज भरावयाचा असो, माणसाला शेवटीं संगणकासमोरच बसावें लागतें. तो संगणक लहान असतो, त्याला दोनतीनच दारें. आणि जोडावयाचीं यंत्रें मात्र पुष्कळ. मग बाजारांतून एक छोटा हब येतो. त्याची वीज निराळी नसते. एक शेपूट संगणकांत खोंचली कीं चार दारें मोकळीं होतात. माउस चालतो, कळफलक चालतो. पण बोटांचा ठसा घेणारें यंत्र मध्येंच मान टाकतें. एखाद्या म्हातारीचा अंगठा उमटत नाहीं, आणि दोष लागतो तो तिच्या कामानें झिजलेल्या बोटांना!

दारें वाढलीं म्हणजे शक्ति वाढली, हा समज इतका सहज कां झाला, हें समजण्यास तीसेक वर्षें मागें गेलें पाहिजे. त्या काळीं संगणकाच्या पाठीमागें प्रत्येक यंत्राचें दार वेगळें असे. कळफलकाचें वाटोळें, छपाईयंत्राचें पंचवीस छिद्रांचें, मोडेमचें आणखी तिसरेंच. नवें यंत्र आणलें तर कित्येकदां संगणकाची पेटी उघडून आंत पट्टी बसवावी लागे. १९९४ सालीं इंटेल, मायक्रोसॉफ्ट, आयबीएम, कॉम्पॅक, डेक, एनईसी आणि नॉर्टेल या सात कंपन्यांनीं एकच दार ठरविण्याचें काम हातीं घेतलें. जानेवारी १९९६ मध्यें त्याची पहिली नियमावली निघाली. ‘युनिव्हर्सल सीरियल बस’, म्हणजेच यूएसबी, तें हेंच.

या कामांत इंटेलमधील अजय भट यांचा वांटा मोठा. त्यांचें शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठांत झालें. पुणें जिल्ह्यांतील दावडीच्या गायकवाडांनीं जेथें राज्य केलें, त्याच नगरीचें हें विद्यापीठ; मराठी माणसास बडोदें परकें वाटत नाहीं तें यामुळेंच. घरीं छपाईयंत्र जोडतांना होणारी यातायात भट यांनीं स्वतः पाहिली होती. पुढें इंटेलनें या योजनेवर कोणाकडून स्वामित्वधन घेतलें नाहीं, म्हणून ती सर्वत्र पसरली.

हब हा या योजनेंत मागाहून आलेला नव्हे. तो मुळापासूनच होता. हब म्हणजे बैलगाडीच्या चाकाचा तुंबा. त्यांतून आरे फुटावेत तशा येथें वाटा फुटतात. एका संगणकाला एकशें सत्तावीस यंत्रें जोडतां येतील असा हिशेब होता, आणि त्या गणतींत प्रत्येक हबही एक यंत्र म्हणूनच धरला जाई.

पण विजेचा हिशेब निराळा होता, आणि तोच बहुतेकांच्या नजरेआड राहिला. दारांतून पांच व्होल्टची वीज मिळे, ती जास्तींत जास्त ५०० मिलिअँपिअर. स्वतःची वीज नसलेल्या हबनें त्यांतले शंभर स्वतःसाठीं ठेवावे आणि उरलेल्या चारशेंतून प्रत्येक दाराला शंभर द्यावे, असा नियम. म्हणून दारें चारच. धुळें भागांत पांझरा नदीवर जुनी फड पद्धत आहे. तेथें पाणी बंधाऱ्यांतून उतारानें पाटांत येतें व पाटकरी तें वांटून देतो. नवा चर काढला म्हणून बंधाऱ्यांतलें पाणी वाढत नाहीं. हबची गत नेमकी तीच आहे.

१९९८ सालीं ॲपल कंपनीनें आयमॅक हा संगणक काढला व जुनीं दारें सरळ काढून टाकलीं. त्याच्या कळफलकांतच आणखी दोन दारें होतीं, म्हणजे बिनविजेचा हबच त्यांत लपविलेला होता. माउससाठीं तो पुरेसा होता. अधिक खाणारें यंत्र जोडलें तर मात्र त्यास पेलत नसे. २००० सालच्या दुसऱ्या आवृत्तीनें वेग पुष्कळ वाढविला, पण वीज तेवढीच ठेवली. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तींत ती ९०० झाली, तरी बिनविजेच्या हबच्या एका दाराला वांट्यास दीडशेंच आले.

नियमाप्रमाणें यंत्रानें जोडल्याबरोबर आपली भूक सांगावयाची आणि संगणकानें ती पाहून परवानगी द्यावयाची. पण पुष्कळ स्वस्त हब आपल्याजवळ स्वतंत्र वीज असल्याचें खोटेंच सांगतात. मग परवानगी मिळते, प्रत्यक्षांत वीज पुरत नाहीं, आणि यंत्र ऐन कामांत बंद पडतें. यावर उपाय साधा आहे. माउस, कळफलक आणि भिंतीवरून स्वतःची वीज घेणारें छपाईयंत्र हबला जोडावें. ठसायंत्र किंवा फिरती तबकडी थेट संगणकाच्या दारांत लावावी.