खटल्याचे वय आणि बैलाचे दात

शर्यतीच्या बैलाचे वय जन्मतारखेवरून सांगत नाहीत. त्याचे तोंड उघडून दात पाहतात. सगळे दात दुधाचे असले तर तो ‘आदत’. पुढचे दोन पडून पक्के आले की ‘दुसा’, चार आले की ‘चौसा’, मग सहादाती, आणि आठही पुरे झाले की बैल ‘जुळला’. जन्मापासून जुळेपर्यंत साधारण पाच वर्षे जातात. तिसऱ्या-चौथ्या वर्षी बैल शर्यतीत उतरतो, जुळल्यावर ऐन भरात येतो आणि दहाव्या वर्षाच्या आसपास उतरणीला लागतो. विजेत्या बैलाची सारी कारकीर्द या सहा-सात वर्षांत आटोपते.

महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यतीचा खटला मात्र ११ जुलै २०११ च्या अधिसूचनेपासून १८ मे २०२३ च्या निकालापर्यंत जवळजवळ बारा वर्षे चालला. या बारा वर्षांचा इतिहास बहुधा निकालपत्रांतून सांगितला जातो. तोच बैलाच्या दातांवरून मोजला, तर वेगळा दिसतो.

शिरूर तालुक्याच्या दक्षिण टोकाला, भीमेच्या पट्ट्यात मांडवगण फराटा आहे. नदीपलीकडे दौंड तालुका. हा सगळा उसाचा मुलूख. एका बाजूला न्हावऱ्याचा घोडगंगा कारखाना, दुसऱ्या बाजूला पाटसचा भीमा कारखाना. गळीत हंगामात येथील रस्त्यांवर ऊस भरलेल्या बैलगाड्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांमागून वाट काढत असतात. त्या गाडीचा बैल वेगळा आणि शर्यतीचा बैल वेगळा. पहिल्याकडून ओढ अपेक्षित, दुसऱ्याकडून झेप. शर्यतीचा बैल बहुधा खिलार जातीचा, माणदेशाकडच्या रक्ताचा. उंच, पांढुरका, लांब शिंगांचा आणि स्वभावाने तापट. खरसुंडी आणि पुसेगावच्या यात्रा या जातीच्या बाजारासाठी नावाजलेल्या आहेत.

शिरूर, खेड, आंबेगाव, जुन्नर आणि मावळ या तालुक्यांत शर्यतीच्या धावपट्टीला ‘घाट’ म्हणतात. गावाच्या यात्रेला, ग्रामदैवताच्या नावाने हा घाट भरतो. डोंगरातल्या घाटाशी याचा संबंध एवढाच, की धावपट्टीला चढ असतो. गाड्याला चार बैल जुंपतात. मागची जोडी धुरीला, पुढची जुकाटाला. आणि त्यांच्याही पुढे घोडीवर स्वार. गाड्यावर हाकणारा कोणी नसतो. घोडी सुटते, तिच्यामागे बैल सुटतात, गर्दीतून ‘भिर्रर्र’ असा घोष उठतो आणि अकरा-बारा सेकंदांत सारे संपते. या एका धावेला ‘बारी’ म्हणतात. सातारा-सांगलीकडे सपाट मैदानावर दोन बैलांच्या गाड्या एकमेकींशेजारी पळतात आणि त्यांना हाकणारा असतो. विदर्भात हाच खेळ ‘शंकरपट’ या नावाने चालतो. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासरचा पट त्यात विशेष प्रसिद्ध. पुणे जिल्ह्याच्या घाटात मात्र स्पर्धा शेजारच्या गाड्याशी नसून घड्याळाशी असते. ज्याची वेळ सर्वांत कमी, तो ‘घाटाचा राजा’.

शर्यतीचा गाडा म्हणजे शेतातल्याच गाडीचे वजन उतरवून केलेले रूप. रोजच्या वापरातले वाहन हलके करायचे आणि आखूड धावपट्टीवर पळवायचे, ही कल्पना जगात इतरत्रही दिसते. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर जुन्या मोटारी घेऊन, त्यांत फेरफार करून त्या मैलभराहून लहान अशा वर्तुळाकार धावपट्ट्यांवर पळवण्याचा खेळ फोफावला. १९४८ साली ‘नॅसकार’ ही संस्था निघाली, तेव्हा तिच्या पहिल्या हंगामातल्या शर्यती अशा ‘मॉडिफाइड’ गाड्यांच्याच होत्या. या प्रकारातला सर्वांत मोठा विजेता रिची इव्हान्स हा न्यूयॉर्क राज्यातील रोम या लहान गावचा. नारिंगी रंगाची ६१ क्रमांकाची गाडी हाकत त्याने १९७३ मध्ये एकदा आणि १९७८ ते १९८५ सलग आठ वेळा, असे नऊदा राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. २४ ऑक्टोबर १९८५ रोजी मार्टिन्सव्हिल येथे सरावात त्याचा अपघाती मृत्यू झाला, तेव्हा त्या वर्षाचे विजेतेपद गुणांच्या हिशेबाने आधीच त्याचे झाले होते. त्याच्या शर्यती, जागा, तारखा, सारे नोंदलेले आहे.

घाटाच्या राजाची अशी नोंदवही कोणी ठेवली नाही. जुन्या बैलांच्या कारकिर्दी उरल्या त्या यात्रांच्या पत्रिकांत, घरातल्या ढालींवर, भिंतीवरच्या फोटोंत आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्यात. सर्जा, हरण्या, लक्ष्या ही नावे गावोगाव इतकी सारखी, की कोणता हरण्या कोणत्या साली कोठे पळाला, हे नावावरून ठरवता येत नाही. अभ्यासकाच्या हाती पक्क्या तारखांचे जे कागद लागतात, ते खेळाचे नसून खेळाविरुद्धच्या खटल्याचे असतात.

त्या कागदांची सुरुवात १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यापासून होते. त्याच्या कलम २२ नुसार केंद्र सरकार काही प्राण्यांच्या खेळांवर व प्रदर्शनावर बंदी घालू शकते. १९९८ च्या यादीत अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह होते. ११ जुलै २०११ रोजी या यादीत बैलाची भर पडली. शेतात नांगर ओढणारा, पोळ्याला पुरणपोळी खाणारा बैल कायद्याच्या दृष्टीने सर्कशीतल्या वाघासिंहांच्या रांगेत जाऊन बसला. नांगराला, मोटेला, उसाच्या गाडीला तो जुंपण्यास मनाई नव्हती. मनाई होती ती त्याला खेळात उतरवण्यास. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०१२ मध्ये राज्यातील शर्यतबंदी उचलून धरली आणि प्रकरण दिल्लीला गेले.

७ मे २०१४ रोजी न्या. के. एस. राधाकृष्णन आणि न्या. पिनाकी चंद्र घोष यांच्या खंडपीठाने निकाल दिला. तमिळनाडूचा जल्लीकट्टू आणि महाराष्ट्राची बैलगाडा शर्यत, दोन्ही बेकायदा ठरल्या. बैलाची शरीररचना घोड्यासारखी शर्यतीसाठी घडलेली नाही आणि माणसाच्या गरजेसाठी प्राण्याला होणारा त्रास वेगळा व करमणुकीसाठी दिलेला त्रास वेगळा, हे या निकालाचे दोन आधार. ओझे ओढणाऱ्या बैलाला सूट आणि पळणाऱ्याला बंदी का, या शर्यतप्रेमींच्या आवडत्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या आधारात आहे. ते पटो वा न पटो, उत्तर दिलेच नाही असे म्हणता येत नाही.

बंदी हवेतून आली नव्हती, हेही येथे नोंदवायला हवे. चाबूक, खिळे लावलेल्या काठ्या, शेपटी पिरगाळणे वा चावणे, विजेचा झटका, दारू पाजणे हे प्रकार न्यायालयापुढील कागदांत आहेत आणि जुन्या यात्रा पाहिलेली माणसे त्यांतले बरेचसे नाकारत नाहीत. आपल्या बैलाला लेकरासारखे वाढवणारा मालक आणि बारीच्या वेळी त्याच बैलाला टोचणारा हात, हे दोघे कधी कधी एकाच घरातले असत. बैलगाड्याचा इतिहास लिहिताना नेमकी हीच गोष्ट गाळली जाते.

आता खटल्याच्या कागदांशेजारी एक खोंड उभा करू. तो २०११ च्या पावसाळ्यात, अधिसूचनेच्या सुमारास जन्मला असे धरू. २०१४ च्या मेमध्ये तो तीन वर्षांचा, घाटात उतरण्याच्या उंबरठ्यावर. त्याच वेळी घाट बंद झाला.

मार्च २०१५ मध्ये, तो चौथ्या वर्षात असताना, महाराष्ट्रात गोवंशहत्याबंदीचा सुधारित कायदा अमलात आला आणि गाईंबरोबर बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. दोन्ही कायद्यांचे हेतू वेगळे, पण त्यांचा भार एकाच दावणीवर पडला. शर्यतीचा बैल पळवता येत नव्हता. ट्रॅक्टर आल्यामुळे शेतात त्याची गरज उरली नव्हती. आणि ज्या बाजारात म्हातारा वा नको असलेला बैल जात असे, तो बाजारही बंद झाला होता. रोजचा खुराक मात्र चालूच. अशा स्थितीत कित्येकांनी बैल विकले, कित्येकांनी हट्टाने सांभाळले. पशुगणनेनुसार राज्यातील गोवंश २०१२ मध्ये सुमारे १ कोटी ५५ लाख होता, तो २०१९ मध्ये सुमारे १ कोटी ४० लाखांवर आला. ही घट एकट्या शर्यतबंदीने झाली असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. पण खिलार खोंड वाढवण्याचे एक मोठे कारण त्या वर्षांत नाहीसे झाले होते, यात संशय नाही.

७ जानेवारी २०१६ रोजी केंद्राने नवी अधिसूचना काढून शर्यतींना सशर्त वाट करून दिली. पाचच दिवसांनी, १२ जानेवारीला, सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती दिली. खोंड आता जुळत आला होता.

जानेवारी २०१७ मध्ये चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर जल्लीकट्टूसाठी प्रचंड जनसमुदाय जमला आणि तमिळनाडूने अध्यादेश काढून आपला मार्ग मोकळा करून घेतला. महाराष्ट्र विधिमंडळाने त्याच वर्षी दुरुस्ती विधेयक मंजूर केले. राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. बैलाला इजा करणाऱ्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, अशी तरतूद त्यात होती. तरीही मुंबई उच्च न्यायालयाने शर्यती रोखल्या. २ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा विषय घटनापीठाकडे सोपवला आणि तेथे तो थांबला. तमिळनाडूत दरवर्षी पोंगलला जल्लीकट्टू होत राहिला. महाराष्ट्रात घाट ओस पडले. सारख्याच मजकुराचे दोन कायदे, एक चालू, एक बंद. शिरूर-जुन्नरच्या पट्ट्यात या विषमतेचा राग सर्वांत जास्त होता. शिरूर लोकसभा मतदारसंघात २०१९ च्या निवडणुकीत शिवाजीराव आढळराव पाटील आणि अमोल कोल्हे यांच्या लढतीत बैलगाडा हा प्रचाराचा ठळक मुद्दा होता.

बंदीने शर्यती पूर्ण थांबल्या असेही नाही. त्या चोरून होऊ लागल्या. २० ऑगस्ट २०२१ रोजी सांगली जिल्ह्यातील झरे परिसरात आमदार गोपीचंद पडळकर यांच्या पुढाकाराने, पोलिसांचा मोठा बंदोबस्त असताना, पहाटेच शर्यत उरकण्यात आली. तिची बातमी झाली. इतर कित्येकांची झाली नाही. चोरट्या शर्यतीत पंच नसतो, पशुवैद्य नसतो, आणि बैल जखमी झाला तर मालक तोंड उघडत नाही. बैलाच्या संरक्षणासाठी घातलेल्या बंदीचा हा परिणाम बंदीच्या समर्थकांनी फारसा हिशेबात धरलेला दिसत नाही.

१६ डिसेंबर २०२१ रोजी न्या. अजय खानविलकर यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाने महाराष्ट्राला अंतरिम परवानगी दिली. सात वर्षे सात महिन्यांची बंदी उठली. २०११ चा खोंड आता दहा वर्षांचा होता.

आनंदालाही लगेच खीळ बसली. १ जानेवारी २०२२ रोजी आंबेगाव तालुक्यातील लांडेवाडीला शर्यत ठरली होती. गाडे येण्याची तयारी झाली असताना करोनाच्या नव्या लाटेमुळे ऐनवेळी परवानगी मागे घेतली गेली. पुढे फेब्रुवारीत खेड तालुक्यातील निमगाव दावडीला, खंडोबाच्या घाटात, गाडे पळाले आणि खासदार अमोल कोल्हे यांनी गाड्यापुढे घोडी धरण्याचा आपला शब्द पाळला. त्या घाटात आठ वर्षांच्या आतला जो जो बैल उतरला असेल, त्याने कायदेशीर घाट जन्मात पहिल्यांदा पाहिला. माणसेही नवखी झाली होती. घोडी कधी सोडायची आणि बुजलेला बैल कसा सावरायचा, हे पुस्तकात लिहिलेले नसते. ते बापाच्या मागे उभे राहून शिकायचे असते, आणि २०१४ साली दहा वर्षांचा असलेला मुलगा आता अठराचा झाला होता.

१८ मे २०२३ रोजी न्या. के. एम. जोसेफ यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांचे कायदे वैध ठरवले. २०१४ चा निकाल त्या वेळच्या प्रथांवर होता. नव्या कायद्यांनी आणि नियमांनी खेळाचे रूप बदलले आहे, असा न्यायालयाचा विचार होता. अर्थात हे नियम पाळले जातात तेवढ्यापुरताच त्याचा आधार टिकतो. आता घाटासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि चाबूक, काठी वा विजेचा झटका वापरल्यास तो गुन्हा आहे.

बंदी उठल्यावर पैसा ज्या वेगाने आला, तो जुन्या गाडामालकांनाही अनोळखी होता. मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडमधील चिखलीत मोठी शर्यत झाली. तेथे पहिल्या क्रमांकाला जेसीबी जाहीर झाला होता, आणि पुढच्या बक्षिसांत ट्रॅक्टरही होता. ज्या यंत्राने बैलाला शेतातून बाहेर काढले, तेच त्याच्या पळण्याचे इनाम झाले, यात कोणाला काही विसंगत वाटले नाही. आज प्रत्येक मोठ्या बारीचे चित्रण होते, वेळ सेकंदाच्या अपूर्णांकापर्यंत फलकावर झळकते, आणि बकासुरसारख्या बैलाच्या विजयांची मोजदाद त्याचे चाहते मोबाइलवर ठेवतात. पुढच्या पिढीच्या संशोधकाला या बैलांच्या कारकिर्दी तारखेनिशी लिहिता येतील. २०११ चा खोंड या निकालाच्या दिवशी बारा वर्षांचा असता. त्याच्या नावावर एकही बारी नाही.