लिसेवातून लिस्बनला : मारियानो साल्दान्हा यांच्या अध्यापनाचा विचार

१

शालेय अध्यापन ही खालची पायरी आणि विद्यापीठीय अध्यापन ही वरची पायरी, असे मानण्याचा आपल्याकडे परिपाठ आहे. त्यातही विद्यापीठ परदेशातील असले म्हणजे चढण अधिकच मोठी ठरते. त्यामुळे एखाद्या विद्वानाचे चरित्र लिहिताना त्याने शाळेत घालविलेली वर्षे पूर्वतयारी म्हणून दोन ओळींत उरकण्यात येतात. हा समज संशोधनाच्या इतिहासाला कितपत धरून आहे, हे गोव्यातील एका अध्यापकाच्या उदाहरणावरून तपासावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हे अध्यापक म्हणजे मारियानो साल्दान्हा (१८७८-१९७५). ते बार्देस महालातील उसकईचे. त्यांचे शिक्षण वैद्यकाचे. परंतु व्यवसाय पत्करला तो भाषाशिक्षकाचा. १९१५ पासून पणजीच्या लिसेवात त्यांनी मराठी व संस्कृत हे विषय शिकविले आणि १९२९ साली ते लिस्बन विद्यापीठात संस्कृतच्या अध्यापनासाठी गेले. पुढे लिस्बनमधीलच वसाहतविषयक उच्च विद्यालयात त्यांनी कोंकणीही शिकविली.

आरंभीच एक सावधगिरीची सूचना करणे इष्ट आहे. गोमंतकाच्या अभ्यासात साल्दान्हा या आडनावाची गल्लत वारंवार होते. १९०७ साली मंगळूर येथे फादर स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’ची आवृत्ती काढणारे जोसेफ एल. साल्दान्हा हे निराळे. पोर्तुगीज भाषेत गोव्याचा इतिहास लिहिणारे गाब्रिएल साल्दान्हा हेही निराळे. येथे विचार करावयाचा आहे तो या दोघांहून भिन्न अशा तिसऱ्या गृहस्थांचा.

२

साल्दान्हा ज्या अध्यासनाकडे गेले त्याची परंपरा थोडक्यात पाहिली पाहिजे. लिस्बनमध्ये १८५९ साली साहित्याच्या उच्च शिक्षणासाठी एक विद्यालय स्थापन झाले. तेथे संस्कृतचे अध्यापन सुरू केले ते व्हास्कोंसेलुश आब्रेऊ यांनी, १८७७ च्या सुमारास. तत्पूर्वी त्यांनी म्यूनिक येथे मार्टिन हौग यांच्यापाशी अध्ययन केले होते. हे हौग पुण्याच्या वाचकांस अपरिचित नाहीत. १८५९ ते १८६६ या काळात ते पुण्याच्या सरकारी कॉलेजात संस्कृतचे अध्यापक होते आणि तेथील शास्त्री-पंडितांच्या सहवासात त्यांनी वैदिक विधींची प्रत्यक्ष माहिती मिळविली होती. तात्पर्य, लिस्बनच्या संस्कृत अध्यापनाचा एक धागा मुळातच महाराष्ट्रातून गेलेला होता.

आब्रेऊ यांच्यानंतर हे काम एका गोमंतकीयाकडे आले. आसगावचे मोन्सेन्योर सेबास्तियांव रुदोल्फ दाल्गादो (१८५५-१९२२) यांची नेमणूक १९०७ साली झाली. १९१० च्या राज्यक्रांतीनंतर, १९११ मध्ये, हे विद्यालय लिस्बन विद्यापीठाची साहित्यशाखा बनले. दाल्गादो हे धर्मोपदेशक होते. धर्मकार्याच्या निमित्ताने हिंदुस्थानात व सिलोनमध्ये हिंडत असताना त्यांनी लोकांच्या तोंडचे शब्द जमविले आणि १८९३ साली मुंबईत कोंकणी-पोर्तुगीज कोश छापला. आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांवरील त्यांचा ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध झाला. १९३६ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला. दोन्ही पाय कापावे लागल्यावरही त्यांनी अभ्यास सोडला नाही. म्हणजे दाल्गादोंचीही विद्या विद्यापीठात जन्मली नाही. ती विद्यापीठात पोचली, इतकेच.

३

आता प्रश्न असा की, लिसेवातील वर्षांनी साल्दान्हांना काय दिले?

नव्या गोव्याचे लिसेव १८५४ साली स्थापन झाले. तेथील शिक्षणाचे माध्यम पोर्तुगीज. विद्यार्थ्याच्या घरची बोली कोंकणी. हिंदू कुटुंबांत धर्मग्रंथांची, पत्रव्यवहाराची व हिशेबाची भाषा मराठी. अशा वर्गात मराठी शिकविणाऱ्यास एकाच तासात तीन भाषांचा हिशेब ठेवावा लागे. मराठीची विभक्ती पोर्तुगीजमधून समजावून द्यावयाची आणि विद्यार्थ्याच्या उत्तरात डोकावणारे कोंकणी रूप ‘चूक’ म्हणून खोडावयाचे, की ते दुसऱ्या भाषेचे बरोबर रूप आहे असे ओळखावयाचे, हा निर्णय त्याला प्रत्यही करावा लागणार. विद्यापीठातील भाषाशास्त्रज्ञाला जो प्रश्न ग्रंथ वाचून सुचतो, तो अशा शिक्षकापुढे वहीच्या पानावर लिहिलेला असतो.

हा प्रश्न त्या काळी निव्वळ व्याकरणाचा नव्हता. ग्रिअर्सनच्या भाषिक पाहणीच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात कोंकणीची गणना मराठीच्या बोलींत करण्यात आली होती. साल्दान्हा कोंकणीला स्वतंत्र भाषा मानीत. गंमत अशी की, ग्रिअर्सन यांच्या पंच्याऐंशीव्या वाढदिवसानिमित्त १९३६ साली लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेच्या नियतकालिकाचा जो गौरवांक निघाला, त्यातच साल्दान्हांचा कोंकणी व्याकरणाच्या इतिहासावरील पोर्तुगीज निबंध आहे. एखाद्या भाषेच्या व्याकरणलेखनाला तीनशे वर्षांचा इतिहास आहे, हे दाखविणे म्हणजे तिच्या स्वतंत्र अस्तित्वाचा पुरावा मांडणेच होय. पुढे १९४२ साली डॉ. सु. मं. कत्रे यांनी कोंकणीच्या घडणीवरील आपल्या ग्रंथात हाच विषय ऐतिहासिक भाषाशास्त्राच्या पद्धतीने हाताळला.

४

प्रश्न शाळेत मिळाला. पण त्याचे उत्तर पणजीत मिळण्याजोगे नव्हते. याचे कारण इतिहासात आहे. रायतूरच्या मुद्रणालयात स्टीफन्सचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली, ‘ख्रिस्ती सिद्धान्त’ १६२२ साली व कोंकणी व्याकरण १६४० साली छापले गेले. परंतु २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर यांनी देशी भाषेचा वापर टाकून तीन वर्षांत पोर्तुगीज आत्मसात करण्याचा हुकूम काढला. १७५९ साली जेझुइट संघ पोर्तुगीज राज्यातून घालविण्यात आला. १८३४-३५ मध्ये इतर संघांचे मठ बंद झाले. या उलथापालथीत ग्रंथसंग्रह विखुरले. पुराणाच्या सतराव्या शतकातील तिन्ही मुद्रित आवृत्त्यांपैकी एकाचीही प्रत आज उपलब्ध नाही. १८५७ साली कुन्य रिव्हार यांनी स्टीफन्सचे व्याकरण पुन्हा छापले, ती या ऱ्हासानंतरची पहिली महत्त्वाची दुरुस्ती.

गोव्याच्या भाषेची कागदपत्रे अशा रीतीने गोव्याबाहेर होती. लिस्बनच्या नेमणुकीचा खरा अर्थ येथे ध्यानात येतो. साल्दान्हांना तिने अधिक मानाचे पद दिले असेल. पण संशोधनाच्या दृष्टीने तिने दिला तो ग्रंथालयांचा प्रवेश. १९४५ साली त्यांनी स्टीफन्सच्या ‘ख्रिस्ती सिद्धान्ता’ची दुसरी आवृत्ती लिस्बन येथे सिद्ध केली. पोर्तुगालच्या उत्तरेस असलेल्या ब्रागा शहरातील सार्वजनिक ग्रंथालयात त्यांना रोमन लिपीतील जुनी हस्तलिखिते आढळली. रामायण-महाभारतातील कथा कोंकणी गद्यात आणि त्यांच्याच सोबत मराठी ओवीबद्ध रचना, असा तो संग्रह आहे. पाद्र्यांनी एतद्देशीयांची भाषा व श्रद्धा समजून घेण्यासाठी हे ग्रंथ उतरवून घेतले होते. ख्रिस्ती वाङ्मयापूर्वी गोव्यात ग्रंथरचना नव्हती, हे मत या शोधाने निराधार ठरले. मराठी व कोंकणी या दोहोंच्या इतिहासकारांना याची दखल घेणे भाग आहे.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, रोमन लिपीत मोडतोड होऊन उतरलेले पान पाहून त्यातील कोंकणी कोणती आणि मराठी कोणती हे ओळखण्यास जी नजर लागते, ती लिस्बनच्या अध्यासनाने दिली नव्हती. स्टीफन्सने स्वतः पुराणासाठी मराठी आणि प्रश्नोत्तरी सिद्धान्तासाठी कोंकणी अशी वाटणी केली होती. लिसेवात मराठी आणि लिस्बनमध्ये कोंकणी शिकविणाऱ्या अध्यापकाला ही वाटणी अनुभवाने ठाऊक होती.

५

या स्थलांतराची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. लिस्बन हे साल्दान्हांच्या दृष्टीने कायद्याने परराज्य नव्हते. गोव्यावर १९६१ पर्यंत पोर्तुगालचीच सत्ता होती. ज्या सत्तेने १६८४ मध्ये देशी भाषा मोडण्याचा हुकूम काढला, तिच्याच राजधानीतील वसाहतविषयक विद्यालयात ती भाषा शिकविली जावी, यातील विसंगती उघड आहे. तेथे भाषेचे ज्ञान हे राज्यकारभाराचे एक साधन होते. शिवाय साल्दान्हांचे बहुतेक लेखन पोर्तुगीजमध्ये झाले. मुंबई-पुण्याच्या अभ्यासकांपैकी ते मुळातून वाचू शकणारे थोडे. अ. का. प्रियोळकर यांच्यासारख्या दोन्हीकडच्या भाषा जाणणाऱ्या संशोधकांनी ही दरी काही अंशी बुजविली. तरी लिसेवातील ज्या विद्यार्थ्यांच्या भाषेवर हे संशोधन उभे राहिले, त्यांच्या भाषेत ते थोडेच परत आले. परदेशी अध्यासनाचा हिशेब मांडताना ही तूट जमेस धरावी लागेल.

तुलनेसाठी रा. गो. भांडारकरांचे उदाहरण घ्यावे. सिंध-हैदराबाद व रत्नागिरी येथील हायस्कुलांचे मुख्याध्यापक म्हणून काम करण्याच्या काळात त्यांनी संस्कृतची क्रमिक पुस्तके रचली. पुढे ते कॉलेजात अध्यापक झाले आणि १८८६ साली व्हिएन्नाच्या प्राच्यविद्या परिषदेस गेले. पण क्रमिक पुस्तके शाळांतच राहिली व पिढ्यान्‌पिढ्या वापरली गेली. त्यांच्या बाबतीत शाळा व विद्यापीठ यांमधील रस्ता दोन्ही बाजूंनी चालू राहिला. साल्दान्हांच्या बाबतीत तो बहुतांशी एका बाजूनेच चालला. हा दोष व्यक्तीचा नसून परिस्थितीचा आहे. भांडारकरांच्या पाठीशी मुंबई विद्यापीठ होते, साल्दान्हांच्या गोव्यात विद्यापीठच नव्हते. ते स्थापन होण्यास १९८५ साल उजाडावे लागले.

६

या विवेचनाचा निष्कर्ष केवळ गोव्यापुरता नाही. शहापूर-मुरबाड भागात, उंबरमाळीसारख्या गावांच्या परिसरात, शिक्षक प्रमाण मराठी शिकवितो आणि समोरच्या मुलांपैकी कित्येकांच्या घरी ठाकरी, कातकरी किंवा वारली बोलली जाते. असे शिक्षक पदव्युत्तर परीक्षांना बसतात, तेव्हा संशोधनाचा विषय शोधण्यासाठी ते बहुधा ग्रंथालयाच्या सूचीकडे वळतात. ग्रंथालय अवश्य हवे. त्यावाचून साल्दान्हांना ब्रागाची हस्तलिखिते दिसली नसती. परंतु वहीत लाल शाईने खोडलेले रूप कोणत्या भाषेचे आहे, हा प्रश्न त्यांच्यापाशी आधीच असतो. विद्यापीठाकडे जाताना तो शाळेतच ठेवून जाऊ नये आणि उत्तर सापडल्यावर ते शाळेच्या भाषेत परत आणावे, एवढे या चरित्रावरून निश्चितपणे म्हणता येते.