हुजूरचाकरीतला संगीतकार

राजाश्रय हा शब्द आपल्या मंडळींच्या बोलण्यात वारंवार येतो. गायकवाड, होळकर, शिंदे यांच्या मागोमाग ज्यांचे पूर्वज नर्मदेपलीकडे आले, त्यांच्या घरी खासगी खात्याच्या, दरबारी मैफलींच्या आणि खाँसाहेबांच्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जातात. त्यांतून दोन टोकांची मते तयार झालेली दिसतात. एक असे की, राजे होते म्हणून कला होती. राजे गेले आणि कला पोरकी झाली. दुसरे असे की, राजाश्रय म्हणजे शोभेची गुलामी, कलावंत स्वतंत्र झाला तो संस्थाने खालसा झाल्यावर. दोन्ही मते उत्साहाने मांडली जातात. परंतु चाकरीतला कलावंत रोज काय करीत होता, किती वाजता हजर होत होता, त्याच्या कृतीवर मालकी कोणाची होती, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आयुष्य शासकीय सेवेत गेल्यामुळे असेल, पण आम्हांला हे प्रश्न प्रथम सुचतात. त्यांची उत्तरे कागदोपत्री आणि तपशिलाने देणारे एक आयुष्य युरोपच्या इतिहासात सापडते. ते म्हणजे योझेफ हायडन या संगीतकाराचे.

पाश्चात्त्य संगीतात ज्याला चेंबर म्युझिक म्हणतात, ते मोठ्या सभागृहासाठी नव्हे, तर घरातील दालनासाठी रचलेले संगीत. दोन-चार वादक, प्रत्येकाकडे स्वतंत्र सुरावट, आणि समोर मोजके जाणकार. आपल्या बैठकीशी त्याचे नाते सहज ओळखू येते. दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो अशा चार तंतुवाद्यांची चौकडी हा या संगीताचा सर्वांत प्रतिष्ठित प्रकार. त्याला आज जे रूप आहे, ते मुख्यतः हायडनने दिले.

हायडनचा जन्म ३१ मार्च १७३२ रोजी ऑस्ट्रियातील रोराऊ या खेड्यात झाला. वडील गाड्यांची चाके बनविणारे कारागीर. गोड गळ्यामुळे मुलगा व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन चर्चच्या गायकवृंदात गेला आणि वयात येताना आवाज फुटल्यावर तेथून बाहेर पडला. पुढची काही वर्षे त्याने शिकवण्या केल्या, रस्त्यांवरच्या वादनांत साथ केली, आणि पोर्पोरा या इटालियन गायनगुरूंकडे साथीदार व घरगडी अशा दुहेरी नात्याने राहून विद्या मिळविली. आपल्या जुन्या गवयांनी गुरुगृही पाणी भरून विद्या मिळविल्याच्या कथा वाचकांस आठवतील. १७५७ च्या सुमारास फ्युर्नबेर्ग नावाच्या एका सरदाराने त्याला आपल्या वाड्यावर बोलावले. तेथे वाजविणारे चौघे होते : तिथले धर्मगुरू, जहागिरीचे कारभारी, एक चेलोवादक आणि स्वतः हायडन. या चौघांना वाजविता यावे म्हणून त्याने पहिल्या चौकड्या लिहिल्या. एवढा मोठा संगीतप्रकार जन्माला आला तो हाताशी कोण माणसे आहेत, या साध्या हिशेबातून.

१ मे १७६१ रोजी हंगेरीतील एस्टरहाझी या अतिश्रीमंत घराण्याने हायडनला उपसंगीतप्रमुख म्हणून नेमले. त्याचा करारनामा आज उपलब्ध आहे आणि एखाद्या संस्थानी दफ्तरातला वाटावा असा आहे. पगार सालिना ४०० गुल्डन, दर तिमाहीस देय. जेवण अधिकाऱ्यांच्या पंगतीत, नाहीतर रोजचा अर्धा गुल्डन भत्ता. पोशाख ठरलेला : गणवेश, पांढरे मोजे, केसांना पावडर. हाताखालच्या वादकांशी खाण्यापिण्यात सलगी करू नये, म्हणजे दरारा राहील. वादकांची भांडणे परस्पर मिटवावीत. वाद्ये व संगीताच्या वह्या यांची जबाबदारी त्याची. हयगयीने नुकसान झाल्यास जाब त्याला. दररोज दुपारपूर्वी व दुपारनंतर दिवाणखान्याबाहेर हजर राहून आज संगीत होणार की नाही, ही आज्ञा विचारावी. हुजूर सांगतील ते रचावे. ते अन्य कोणास देऊ नये, नक्कल होऊ देऊ नये, आणि परवानगीवाचून दुसऱ्या कोणासाठी काही रचू नये. मुदत तीन वर्षे. नोकरी सोडायची तर सहा महिने आधी कळवावे; काढून टाकण्याचा अधिकार मात्र हुजुरांना केव्हाही.

आजच्या वाचकाला हे अपमानास्पद वाटेल. परंतु कराराची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. सात-आठ वर्षे भाकरीची भ्रांत असलेल्या एकोणतीस वर्षांच्या तरुणाला यात हुकमी वेतन, पंधराच्या आसपास वादकांचा ताफा आणि बढतीची आशा मिळाली. पुढच्याच वर्षी राजे पाउल अंतोन वारले. त्यांचे बंधू निकोलाउस गादीवर आले आणि हायडनचा पगार ६०० गुल्डन झाला.

चाकरीत काचही होताच. वृद्ध संगीतप्रमुख वेर्नर यांनी १७६५ मध्ये हुजुरांकडे लेखी तक्रार केली की, हायडनच्या ढिलाईने शिस्त बिघडली, वाद्यांची व वह्यांची हेळसांड झाली. त्यावर लेखी ताकीद निघाली : सर्व वाद्यांची व संगीताची यादी करावी आणि हायडनने अधिक नेटाने रचना कराव्यात, विशेषतः हुजुरांच्या आवडत्या वाद्यासाठी, व त्यांच्या स्वच्छ प्रती सादर कराव्यात. सरकारी नोकरी केलेल्या कोणालाही हा कागद ओळखीचा वाटेल. गंमत अशी की, याच सुमारास हायडनने आपल्या रचनांची नोंदवही ठेवण्यास आरंभ केला, आणि कोणती कृती खरोखर त्याची हे ठरविताना संशोधकांना ती फार उपयोगी पडली.

हुजुरांचे ते आवडते वाद्य म्हणजे बॅरिटोन. आपल्या सारंगीप्रमाणे त्याला गजाने वाजवावयाच्या तारांखाली तरफेच्या तारा असतात. फरक इतकाच की, दांडीच्या मागून अंगठ्याने त्या तारा छेडताही येतात. वाद्य अवघड, वाजविणारे विरळा. पण खुद्द निकोलाउस ते वाजवीत. तेव्हा हायडनने बॅरिटोन, व्हिओला व चेलो यांच्यासाठी त्रिकुटे लिहिली. क्रमांक दिलेली अशी त्रिकुटे १२६ आहेत. ताकिदीनंतर, जानेवारी १७६६ मध्ये, तीन नव्या रचना हुजुरांना पसंत पडल्या. त्यांनी बारा डुकाट बक्षीस दिले आणि त्याच कागदात आणखी सहा मागितल्या. शाबासकी आणि पुढचे काम एकाच ओळीत! त्याच वर्षी वेर्नर वारले आणि हायडन संगीतप्रमुख झाला.

पुढे निकोलाउस यांनी हंगेरीच्या पाणथळ प्रदेशात एस्टरहाझा नावाचा भव्य प्रासाद उभारला, आणि वर्षाचा बराच काळ दरबार तेथे राहू लागला. १७७२ च्या जानेवारीत हुकूम निघाला की, काही अपवाद वगळता वादकांनी बायकामुले तेथे आणू नयेत, चोवीस तासांसाठीसुद्धा नाही. त्या वर्षी मुक्काम लांबला आणि घरापासून दुरावलेले वादक कंटाळले. हायडन अपवादांत होता, त्याला स्वतःला बंदी नव्हती. तरी त्याने एक सिंफनी अशी रचली की, शेवटच्या भागात एकेक वादक आपले वादन संपवून मेणबत्ती विझवतो व निघून जातो, अखेरीस दोन व्हायोलिन तेवढी उरतात. हुजुरांना अर्थ कळला आणि दरबाराने मुक्काम हलविला, असे त्याच्या चरित्रकारांनी लिहून ठेवले आहे. हाताखालच्या माणसांचे गाऱ्हाणे वरिष्ठांपुढे मांडण्याचा इतका सभ्य अर्ज आमच्या पाहण्यात नाही.

१७७६ पासून एस्टरहाझाला नियमित ऑपेरा सुरू झाला आणि कामाचा बोजा वाढला. दुसऱ्यांच्या ऑपेरांत फेरफार करणे, गायकांच्या गळ्याला सोसेल असे बदल लिहिणे, तालमी घेणे, प्रयोग चालविणे हे सर्व हायडनकडे. एकट्या १७८६ साली तेथे १२५ प्रयोग झाले. चौकड्या लिहायच्या त्या उरलेल्या वेळात.

आणि तरीही, याच चाकरीत हायडन घडला. सकाळी लिहिलेले वादकांकडून वाजवून घ्यावे, काय उठते, काय पडते हे कानांनी ऐकावे आणि दुरुस्त करावे, ही सोय त्या काळी थोड्याच रचनाकारांना होती. जगापासून दूर असल्याने मला स्वतंत्र व्हावेच लागले, अशा अर्थाचे उद्गार त्याने म्हातारपणी काढले. आयझेनश्टाट येथील त्याचे घर १७६८ व १७७६ साली आगीत सापडले, तेव्हा दोन्ही वेळा ते हुजुरांच्या खर्चाने पुन्हा उभे राहिले. असा धनी गुलामांचा मालक होता, असे म्हणून विषय संपत नाही.

खरा बदल झाला तो १ जानेवारी १७७९ च्या नव्या करारात. परवानगीवाचून अन्य कोणासाठी रचू नये, हे कलम त्यातून गळाले. एक कलम गेले आणि एका माणसाच्या वह्या युरोपभर छापल्या जाऊ लागल्या. व्हिएन्नाच्या आर्तारिया या प्रकाशकाशी त्याचा व्यवहार सुरू झाला. १७८१ मध्ये त्याने सहा नव्या चौकड्या लिहिल्या आणि त्या अगदी नव्या रीतीच्या आहेत, असे सांगणारी पत्रे स्वतः रसिकांना धाडून हस्तलिखित प्रतींचे वर्गणीदार मिळविले. चारही वाद्यांनी बरोबरीने संवाद करावा, ही रीत या चौकड्यांत पक्की झाली. मोत्सार्टने त्यांचा अभ्यास केला आणि आपल्या सहा चौकड्या १७८५ मध्ये हायडनला अर्पण केल्या.

मनातून मात्र हायडन थकला होता. १७९० च्या आरंभी व्हिएन्नातील स्नेही मंडळी सोडून त्याला एस्टरहाझाला परतावे लागले. तेव्हाच्या पत्रांत तो ओसाडीत एकटा पडल्याची आणि सदा चाकर राहण्याच्या दुःखाची भाषा करतो. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला निकोलाउस वारले. मृत्युपत्राने हायडनला सालिना १,००० गुल्डन पेन्शन मिळाले. नव्या राजांनी बहुतेक ताफा मोडला, पण हायडनला नावापुरते पद ठेवून आणखी ४०० गुल्डन दिले. मग लंडनहून सालोमोन नावाचे व्हायोलिनवादक व जलसे भरविणारे गृहस्थ आले आणि वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी हायडन त्यांच्याबरोबर निघाला. ठरलेल्या व्यवहारात सहा सिंफनींचे ३०० पौंड, आणि त्यांच्या प्रकाशनहक्काचे वेगळे २०० पौंड होते. १७६१ साली ज्या हक्काला स्वतंत्र अस्तित्वच नव्हते, त्याला तीस वर्षांनी किंमत आली होती.

श्रोते बदलले तसे संगीतही बदलले. १७९३ मध्ये लिहिलेल्या सहा चौकड्या लंडनच्या मोठ्या सभागृहात वाजल्या. त्यांच्या आरंभी ठसठशीत सूर आहेत, जणू कुजबुजणाऱ्या सभेला गप्प करण्यासाठी. दालनातले संगीत तिकिटाच्या दारावर आले ते असे. परंतु धावपळ थांबली नाही. जाहिरात झालेल्या तारखेला नवी कृती तयार पाहिजे, हा हुकूम आता राजाऐवजी जनता देत होती. आणि हेही लक्षात घ्यावे की, १७९५ मध्ये परतल्यावर हायडनने एस्टरहाझींची सेवा पूर्ण सोडली नाही. ३१ मे १८०९ रोजी व्हिएन्नात तो वारला, तेव्हा त्याच्या नावावर अडुसष्ट चौकड्या होत्या.

आता आपल्याकडे वळू. सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात कलावंत कारखाना होता, १८८६ मध्ये मौलाबक्षांची गायनशाळा निघाली, १९१६ मध्ये पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, आणि फैयाजखाँ याच दरबाराचे गायक म्हणून देशभर गाजले. याच दरबारात गाजलेले अब्दुल करीमखाँ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बडोदे सोडून गेले. पुढे त्यांनी तिकिटे लावून जलसे केले आणि पुण्यात विद्यालय काढले. एकाने चाकरीत राहून नाव कमावले, दुसऱ्याने ती सोडून. गाणे दोघांचेही टिकले. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. फैयाजखाँ त्याच गावी नोव्हेंबर १९५० मध्ये वारले. त्यानंतरच्या कलावंतांचा धनी आकाशवाणी झाली, मग संगीतसभा, महाविद्यालये आणि पुरस्कर्त्या कंपन्या. श्रेणी, करार, हजेरी आणि ठरलेली मिनिटे ही त्यांच्याकडेही आहेतच.

म्हणून आम्हांला असे वाटते की, राजाश्रय चांगला की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. धन्यावाचून धंदेवाईक कलावंत कोणत्याही काळात राहिलेला नाही. विचारायचे ते हे की, धनी रियाजाला वेळ देतो का, सोबतीला माणसे देतो का, अडचणीत उभा राहतो का, म्हातारपणी विसरत नाही ना, आणि केलेल्या कामावर कलावंताचा हक्क ठेवतो का. निकोलाउस एस्टरहाझी यांनी पहिल्या चार गोष्टी दिल्या आणि पाचवी अठरा वर्षांनी दिली.

आपल्या शहरांतून आज राजे नाहीत, पण मराठी मंडळे आहेत, गणेशोत्सव आहेत, घरगुती बैठका आहेत. तेथे बोलावलेल्या कलावंताचे आपणच धनी असतो. त्याला श्रीफळ आणि शाल देताना वरील पाच प्रश्न स्वतःला विचारले, तर राजाश्रयाच्या गोष्टी सांगण्याचा अधिकार आपल्याला अधिक शोभेल.